अनुमान

लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढायची मला खोड आहे. साताऱ्याला वीसएक वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं, त्यातून ती लागली आणि शाळा सुटली तरी सुटली नाही. लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्ताच्या आधी मी शुद्धलेखन बघते. नवरा म्हणतो, माझ्या श्रद्धांजलीतलेसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ तू दुरुस्त करशील. करीन की! चुकीचं छापलं तर करायला नको?

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं या खोडीपायी घडलं. खोड अंगलट आली असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. माझ्या अंगलट काहीही आलं नाही. मी त्याच घरात राहते, त्याच गॅलरीत तुळशीला पाणी घालते, कॉम्प्युटरवरून मुलांना संस्कृत शिकवते. अंगलट आली ती समोरच्या बाईच्या, आणि तिला ते अजून माहीतही नाही.

नवऱ्याची नोकरी बंगळूरला आली तेव्हा आम्ही के. आर. पुरमला, स्टेशनच्या मागच्या बाजूला वरच्या मजल्यावरचं घर भाड्याने घेतलं. इथे गल्लीला क्रॉस म्हणतात. आमच्या क्रॉसच्या एका टोकाला तमिळ कुटुंबं होती, त्यांचे आजे रेल्वेत होते. मधे एक मलयाळी नर्स, तिच्या शेजारी आंध्रातला सेंट्रिंगचा मेस्त्री, कोपऱ्यावर मंगळूरकडच्या माणसाचं किराणा दुकान. सकाळी भाजी आणायला निघाले की खोबरेल तेल, मोहरीचं तेल, तिळाचं तेल, अशा चार-पाच फोडण्या नाकात घेत कोपऱ्यापर्यंत जायचं. भांडणं पाण्याच्या टँकरवरून व्हायची आणि भांडताना जो तो आपापल्या भाषेत भांडायचा. समोरच्याने नेमकी कुठली शिवी दिली ते कुणालाच कळायचं नाही, त्यामुळे भांडण लवकर मिटायचं.

आमच्या घरासमोर वठार होतं. वठार म्हणजे एका अंगणाभोवती एकेका खोलीची बिऱ्हाडं, आपल्याकडच्या बैठ्या चाळीसारखी. सहा खोल्या, मधे एक नळ आणि कढीपत्त्याचं एक झाड. झाड वठाराचं, पण फोडणीला पानं सगळा क्रॉस न्यायचा. वठाराचा मालक इंदिरानगरला राहायचा आणि महिन्यातून एकदा गाडीतून न उतरताच सगळं बघून जायचा.

आमची घरमालकीण मात्र आमच्याच खाली. तिला सगळा क्रॉस अक्का म्हणतो, मीही म्हणते. अक्का मराठी आहे. पण कुठली मराठी! तिच्या घराण्याला इथे येऊन तीनशे वर्षं होऊन गेली, कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर आले म्हणे. पहिल्याच दिवशी तिने मला जिन्यात अडवून विचारलं, "ऊट झालं की न्हाई तुमचं?" मी म्हटलं, उठले की, पाचलाच उठते मी. ती हसत सुटली. ऊट म्हणजे जेवण. तिच्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड. "स्वल्प सरका", म्हणजे थोडं सरका. "सरी सरी, उद्या बगू", म्हणजे बरं बरं.

झालं! मी तिला दुरुस्त करायला लागले. ती म्हणायची, "अवसर करू नका टीचरम्मा." मी म्हणायची, "अक्का, अवसर नाही, घाई. अवसर म्हणजे संधी." ती म्हणायची, "सरी, घाई." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अवसर. एकदा दूधवाल्याबद्दल म्हणाली, "मला त्येच्यावर अनुमान हाय. पाणी घालतोय त्यो." मी तिला पायरीवर बसवून समजावलं, "अहो अक्का, याला संशय म्हणतात. अनुमान म्हणजे अंदाज. डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव असणार, हे अनुमान." अक्काने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमची मराठी पुस्तकातली हो. आमची तोंडातली." मला वाटलं, बिचारीची मराठी पार बिघडून गेलीय. तिचे ते शब्द कन्नड म्हणून अगदी बरोबर आहेत, हे माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. तो दिवस मला नीट आठवतो. पायरीवर वाळत घातलेल्या मिरच्यासुद्धा आठवतात. म्हणूनच मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहिली नाही.

माझं स्वतःचं कन्नड म्हणाल तर माझी एक युक्ती होती आणि तिच्यावर मी बेहद्द खूश होते. शब्द अडला की रोजचा मराठी शब्द टाकायचा आणि त्या जागी भारदस्त संस्कृत शब्द ठेवायचा. मदत नको, सहाय. वेळ नको, समय. अडचण नको, कष्ट. दहातून आठदा ते बरोबर लागायचं. रिक्षावाले मान डोलवायचे, दुकानदार म्हणायचे, मॅडम, तुमचं कन्नड छान आहे. मी घरी येऊन नवऱ्याला ऐकवायची. तो बिचारा अजून "बेकु" आणि "बेडा", म्हणजे हवं आणि नको, एवढ्यावरच होता.

वठारातल्या तिसऱ्या खोलीत एक बंगाली बिऱ्हाड आलं. नवरा फरशा बसवायच्या कामाला जायचा. बायको घरी मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करायची आणि कुच्चू बांधायची. इकडे साडीच्या पदराला रेशमाचे गोंडे बांधून घेतात, त्याला कुच्चू म्हणतात. तिच्या गावाकडे ही पद्धत नाही, माझ्याही नाही. ती इथेच कुणाकडून तरी शिकली आणि असा हात बसला तिचा की इंदिरानगरच्या बायका ड्रायव्हरबरोबर साड्या पाठवायच्या. पंधरा दिवसांनी एकदा ती दोरे आणायला चिकपेटच्या बाजारात जायची आणि येताना माझ्यासाठी आठवणीने फॉलचं कापड आणायची. मला दीदी म्हणायची. माझी आणि तिची हिंदी सारखीच मोडकी, त्यामुळे आमचं छान जमायचं. तिच्या हिंदीत मात्र मी चुका काढल्या नाहीत. त्या ओळखण्याइतकी मला तरी कुठे येत होती!

त्यांची मुलगी तिसरीत होती, सरकारी कन्नड शाळेत. सबंध क्रॉसमध्ये सगळ्यात स्वच्छ कन्नड कुणाचं असेल तर त्या पोरीचं. आईबापांना काही विचारायचं असलं की दुकानदार तिलाच हाक मारायचा. संध्याकाळी ती गृहपाठ घेऊन माझ्या गॅलरीत यायची, मला मिस म्हणायची. एकदा भाजीवाल्याला मी काहीतरी ऐटीत म्हटलं, तर ही मागून बोट नाचवत म्हणते, "मिस, तप्पु!" तप्पु म्हणजे चूक. मी चपापले, मग इतकी खूश झाले की तिला रव्याचे दोन लाडू दिले. आपल्या जातीची भेटली म्हटलं! त्यानंतर आमचा खेळच झाला. मी कन्नड बोलायचं आणि तिने पकडायचं. तप्पु मिस, तप्पु मिस. मला चूक दाखवायची हिंमत त्या क्रॉसमध्ये फक्त तिच्यात होती.

मग मेट्रो आली आणि क्रॉसचं रूप पालटायला लागलं. तमिळ कुटुंबांपैकी दोघांनी घरं बिल्डरला दिली, त्या जागी काचांची इमारत उठली आणि तिच्यात सॉफ्टवेअरवाली पोरं पेइंग गेस्ट म्हणून राहायला आली. नर्सबाई मुलाकडे निघून गेल्या. किराणावाल्याने अर्धं दुकान कॉफीवाल्याला दिलं. भाडी चढली. नव्या इमारतीतल्या कुणीतरी क्रॉसचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आधी त्यावर टँकरच्या वेळा यायच्या, मग हळूहळू "समोर कोण लोक राहतात, कुणी चौकशी केली आहे का" असले मेसेज यायला लागले. समोर म्हणजे वठार. पेइंग गेस्टमध्ये कोण कुठून आलंय, हे कुणी विचारत नव्हतं. अशा एका मेसेजखाली मी अंगठा टाकला होता. का टाकला? सगळ्यांनी टाकला म्हणून. आणि खरं सांगायचं तर एवढंच नाही. त्या बाईला मी दोनदा विचारलं होतं, गाव नक्की कुठलं म्हणून. ती म्हणाली होती, कूचबिहारकडे, तिथून बॉर्डर जवळ आहे. बॉर्डर शब्द कानावर पडला तेव्हा माझ्या मनात काहीतरी हललं होतं. मी ते तिथेच दाबून टाकलं, कारण मी स्वतःला फार उदार समजत होते.

एका सोमवारी सकाळी पोलीस आला. तरुण होता, घामाघूम झालेला, हातात वही. भाडेकरूंची माहिती घेत फिरत होता. अक्का लेकीकडे गेली होती. वठारात शुकशुकाट, सगळे कामावर. कुच्चूवाली चिकपेटला गेलेली, तिची पोरगी शाळेत. मी खाली फाटकापाशी कचऱ्याचा डबा घ्यायला उतरले होते. त्याने मला हिंदीत विचारायला सुरुवात केली आणि मी ऐटीत म्हटलं, "कन्नड बरुत्ते." येतं मला कन्नड. त्याचा चेहरा उजळला. हिंदीत उत्तर दिलं असतं तर आज हे लिहीत बसले नसते.

पहिल्या-दुसऱ्या खोलीचं झालं. तिसरीपाशी त्याने विचारलं, हे कुठले? मी म्हटलं, बंगालचे. त्याने विचारलं, बंगाल की पलीकडचे? मला नीट माहीत नव्हतं, पण गावाचा अंदाज होता, कूचबिहारकडचे. तोच सांगायचा होता. अंदाज हा शब्द जिभेवर आलाही होता, पण तो मला फार साधा वाटला. बाजारातला. युक्तीप्रमाणे मी भारदस्त शब्द घेतला आणि म्हटलं, "गोत्तिल्ला सर, आदरे ननगे अनुमान इदे." माहीत नाही सर, पण मला अनुमान आहे.

तो थांबला. "अनुमान?"

"हौदु," मी म्हटलं. हो. आणि वर भर घातली, "गडी हत्तिर." गडी म्हणजे सीमा, हत्तिर म्हणजे जवळ. बेळगावच्या बातम्यांत ऐकून ऐकून हा शब्द मला पाठ झाला होता.

त्याने वहीत लिहिलं. माझा घर नंबर विचारला, तो लिहिला. जाताना म्हणाला, मॅडम, तुमच्यासारखे लोक सहसा पुढे येऊन सांगत नाहीत. मी वर आले. काय बोलले, कसं बोलले, एकदाही अडखळले नाही, हे मी जेवताना नवऱ्याला रंगवून सांगितलं. तो म्हणाला, वा!

मंगळवारी नवराबायको दोघांना ठाण्यावर बोलावलं. बुधवारीही. त्याचा कामाचा खाडा झाला, हिची मशीन बंद. कागद सगळे होते त्यांच्याकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेले. पोलीस गावाकडे विचारून खात्री करत होते. पोरगी दोन दिवस शाळेतून आली की माझ्याकडे बसायची, मी तिला वरणभात घालायची आणि मनात म्हणायची, काय हे दिवस आलेत, साध्या माणसांना किती त्रास! अगदी मनापासून वाईट वाटत होतं मला.

बुधवारी संध्याकाळी अक्का लेकीकडून परत आली आणि अर्ध्या तासात तिला सगळा क्रॉस समजला. ती वर आली. जिना चढून कधी येत नाही ती, गुडघे दुखतात. दारातच म्हणाली, "टीचरम्मा, पोलिसाला काय सांगितलं तुमी?"

मी सांगितलं, शब्दाला शब्द.

अक्का खुर्चीत बसली. "अय्यो देवरे," म्हणाली. "अनुमान इदे म्हनालात? अनुमान म्हंजे संशय हो! मला संशय हाय म्हनालात तुमी. बॉर्डरजवळचे म्हनालात." मी काहीतरी बोलायला गेले, तशी ती म्हणाली, "अंदाज म्हनायचं की! अंदाजु म्हनतात कन्नडात. तुमचाच शब्द."

मला दूधवाला आठवला, मिरच्या आठवल्या. डोंगरावरचा धूर आठवला. ही बाई मला तो शब्द त्याच्या अर्थासकट तोंडावर सांगत होती आणि मी तिला पायरीवर बसवून शिकवत होते!

"मला तसं म्हणायचं नव्हतं अक्का," मी म्हटलं.

"न्हवतं?" अक्का म्हणाली. एवढंच म्हणाली, पण माझ्याकडे बघून. मला तो अंगठा आठवला आणि मी नजर चुकवली.

मग तिने पुढचं सांगितलं. पोलिसाने मालकाला फोन केला होता, शेजाऱ्यांनाच अनुमान आहे म्हणून. मालकाने लगेच निरोप धाडला होता, रविवारपर्यंत खोली खाली करा. कागद बरोबर निघाले तरी नको. "अजून चार दिस हायत," अक्का म्हणाली. "तुमी पोलिसाला जाऊन सांगा, शब्द चुकला. मग मालकाला सांगा. टीचर हायत, मोठ्या घरातल्या हायत, ऐकतील तुमचं. मी येते संगती." मी म्हटलं, हो हो, नक्की. उद्याच.

गुरुवारी माझे तीन वर्ग होते. खरंच होते, पण एक पुढे ढकलता आला असता. दुपारी अक्का एकटीच त्या गुडघ्यांवर ठाण्यावर जाऊन आली. तिथे तिला सांगितलं, आजी, ज्यांनी सांगितलं त्यांनीच यायला हवं. तिने ते मला खालूनच ओरडून सांगितलं.

शुक्रवारी मी गेले. वाटेत कन्नड वाक्य घोकत गेले, चूक माझी आहे, शब्द माझा चुकला. तो तरुण पोलीस तिथे नव्हता, कुठेतरी बंदोबस्ताला गेला होता. दुसरा म्हणाला, बसा मॅडम, साहेब येतील तासाभरात, त्यांना सांगा. मी बाकावर पाच मिनिटं बसले. त्या पाच मिनिटांत मला दिसलं की साहेब विचारतील, तुम्ही पोलिसाला चुकीची माहिती का दिली? लिहून द्या म्हणतील. नाव, सही. क्रॉसमध्ये सगळ्यांना कळेल. ग्रुपवर येईल. त्या बाईला कळेल. मी उठले आणि म्हटलं, नंतर येते. बाहेर पडल्यावर मला किती हलकं वाटलं ते सांगायची लाज वाटते. मी कोपऱ्यावर शहाळं प्यायले.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आता कागद बरोबर निघालेत ना? मग झालं की. आपण कशाला पुन्हा त्यात पडायचं." मला हेच ऐकायचं होतं. तरी शनिवारी मी मालकाला फोन लावला. अक्काने नंबर देऊन दोन दिवस झाले होते. त्याने उचलला, "हेळि मॅडम," म्हणाला. सांगा मॅडम. आणि मी, वीस वर्षं शे-शंभर पोरांसमोर उभी राहिलेली बाई, काय बोलले असेन? म्हटलं, वठाराच्या बाजूचं गटार तुंबलंय, ते कधी साफ करणार? तो म्हणाला, करतो. मी थँक्यू म्हटलं.

शुक्रवारीच त्यांचे कागद बरोबर असल्याचं गावाकडून कळलं होतं. पोलिसांनी त्यांना जा म्हणून सांगितलं, कुणी काही म्हटलं नाही. पण खोली गेली ती गेलीच. पोरीची शाळा अर्ध्या वर्षात सुटली. ते शहराबाहेर होसकोट्याच्या बाजूला कुठेतरी गेले असं पुढे ऐकलं. तिकडे तिच्याकडे कुच्चू बांधायला कोण येणार, देव जाणे.

पुढे वर्षाच्या आत मालकाने वठारच विकलं. मला कितीदा वाटतं, म्हणजे ते जाणारच होते, आज ना उद्या. मालकाला सहाही खोल्या रिकाम्या करायच्याच होत्या, मी नुसतं निमित्त. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता नीट पाठ झालंय. पण बाकीच्या पाच बिऱ्हाडांना त्याने तीन महिन्यांची मुदत दिली होती, टेम्पोही करून दिला होता. त्यांच्यावर कुणाचं अनुमान नव्हतं.

आता तिथे चार मजले आहेत, खाली गाड्या लागतात. कढीपत्ता क्रॉसमधले सगळे मोबाइलवरून मागवतात, मीही. नवीन लोक चांगले आहेत, फाटकापाशी भेटले तर हसतात. पाण्यावरून भांडणं होत नाहीत. अक्का माझ्याशी बोलते. भांडण नाही, अबोला नाही, सणाला ताट पाठवते. फक्त त्या रविवारपासून ती माझ्याशी मराठीत बोलत नाही. कन्नडच बोलते, सावकाश, मला समजेल असं. तिच्या बोलण्यातलं काही दुरुस्त करायची सोय मला उरलेली नाही.

हे सगळं नंतरचं झालं. तो रविवार मघापासून मी टाळतेय.

रविवारी दहाच्या सुमाराला दारावर थाप पडली. ती होती, मागे पोरगी, पाठीला शाळेचं दप्तर. खाली टेम्पो उभा होता, त्यात उलटी ठेवलेली मशीन दिसत होती. तिच्या हातात माझी साडी होती. भाचीच्या लग्नासाठी मी पंधरा दिवसांपूर्वी कुच्चू बांधायला दिलेली, आणि या गोंधळात मी ती पार विसरून गेले होते. तिने घडी उलगडून पदर दाखवला. मोरपंखी आणि सोनेरी, एकसारखे गोंडे, एक कमी नाही की जास्त नाही. म्हणाली, शनिवारी बसून पूर्ण केली, दीदीचं काम अर्धं टाकून कशी जाऊ?

मी तिला आत बोलावलं. ती नको म्हणाली, टेम्पोवाला थांबलाय. मी म्हटलं, फार वाईट झालं. ती म्हणाली, "नाही दीदी, तेवढं काही वाईट नाही. पोलीस सारखे म्हणत होते, ओनुमान, ओनुमान. बाकी काही समजलं नाही, पण तो शब्द आमच्यातही आहे ना. मी हिच्या बापाला म्हटलं, घाबरू नकोस. कुणाची तक्रार नाही. कुणीतरी नुसता अंदाज केलाय आणि चुकलाय."

आमच्यातही आहे. तिच्याही भाषेत त्याचा अर्थ तोच होता. मी जो अर्थ मनात धरून तो शब्द उच्चारला, नेमका तोच. बंगळूरात त्या वेळी माझं वाक्य माझ्या अर्थाने समजून घेणारं एकच माणूस असेल, आणि ते ही होती. मला वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही होतं मी.

तेवढ्यात पोरगी मागून म्हणाली, "नाही मा. कन्नडात अनुमान म्हणजे तसं नाही. अनुमान म्हणजे शक. कुणीतरी आपल्यावर शक घेतला."

आईचा चेहरा पडला. तिने पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दीदी, तुम्हाला कन्नड येतं. ही म्हणते ते खरं आहे?"

पोरगी माझ्याकडेच बघत होती. खेळातल्यासारखी, वाट बघत. बरोबर उत्तर दिलेल्या मुलाचा चेहरा कसा असतो ते मी वीस वर्षं पाहिलंय.

मी तिला म्हटलं, "तप्पु."

आईने सुटकेचा श्वास टाकला आणि पोरीच्या डोक्यावर हलकी टपली मारली, बघ, मिसना माहीत आहे. पोरगी जागची हलली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, खूप वेळ बघत राहिली असं मला तरी वाटलं. मग तिने दप्तराचे पट्टे वर ओढले, मान खाली घातली आणि शाळेत म्हणतात तसं म्हणाली, "सॉरी, मिस."